उलटी फरशी आणि काचेतला त्रिभुज प्रदेश: प्रकल्प नोंदी

7 सप्टेंबर 2025, रविवार

काल विसर्जन झालं. आज सकाळी सोसायटीच्या बागेत फेरी मारताना धाकटी थांबली. रात्रीच्या पावसाचं पाणी लाल फरशीच्या खाचांमध्ये साचून राहिलं होतं. तिरप्या उन्हात त्या खाचा अशा काही उठून दिसत होत्या, की मीही खाली बसलो. ही फरशी बसवून चार वर्षं झाली, पण मी तिच्याकडे आज पहिल्यांदा नीट पाहिलं.

समांतर उंचवटे, मधूनमधून एकाचे दोन फाटे. समुद्रावर ओहोटीला वाळू दिसते तशी. "बाबा, ही ओल्या वाळूवर दाबून छापलीय का?" असं तिनं विचारलं. उत्तर द्यायला माझी जीभ रेटेना.

घरून पट्टी आणून मोजलं. दोन उंचवट्यांतलं अंतर सरासरी 4.2 सेंमी, उंची जेमतेम अर्धा सेंमी. दोन्ही बाजूंचा उतार सारखाच. वही सुरू केली.

10 सप्टेंबर

बी विंगमधले सर निवृत्त आहेत, आयुष्यभर भूशास्त्र शिकवलं त्यांनी. संध्याकाळी त्यांना खाली घेऊन आलो. खिशातून भिंग काढून त्यांनी आधी दहा मिनिटं नुसतं पाहिलं.

मग ते बोलू लागले. हा विंध्य महासमूह नावाच्या प्राचीन खडकथरांतला वालुकाश्म. राजस्थानातल्या धोलपूरकडचा माल म्हणतात तो बहुतेक भांडेर गटातला. वयावरून वाद आहेत: जुनी पुस्तकं साठ-सत्तर कोटी वर्षं सांगतात, नंतर झिर्कॉन या खनिजाच्या कणांवरून काहींनी तो शंभर कोटींच्या पलीकडे नेला. काहीही धरलं तरी आपल्या पायाखालचा पुण्याचा काळा पाषाण त्याच्यापुढे पोर आहे. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटींच्या आसपासचा.

उतार दोन्हीकडे सारखा असेल तर पाणी मागे-पुढे हलत होतं, म्हणजे लाटा, म्हणजे उथळ पाणी. नदीचा प्रवाह एकाच दिशेचा, म्हणून त्याच्या खुणेची एक बाजू लांब आणि निवांत, दुसरी आखूड आणि उभी. फाटे फुटणं हेही लाटांचंच लक्षण. समुद्र कुठल्या दिशेला होता असं मी विचारलं, तर सर हसले. "अहो, ते खाणीत कळलं असतं. इथे गवंड्यानं त्याला बसेल तशी फिरवलीय."

आणि मग त्यांनी बोट ठेवलं. लाटांच्या खुणेचा माथा टोकदार असतो आणि खळगा गोलसर. आमच्या फरशीत उलट आहे, उंचवटे गोल आणि खाचा धारदार. म्हणजे आम्ही पाहतोय तो खुणेवर नंतर साचलेल्या थराचा तळ, खुणेचा साचा. थोडक्यात, फरशी उलटी बसवली आहे.

सेक्रेटरींना सांगितलं. "पैसे परत मिळतील का?" एवढंच त्यांनी विचारलं.

14 सप्टेंबर

ठरलं. वाचून समजत नाही, करून पाहायचं. अरुंद काचेची टाकी, एका टोकाला नदी, दुसऱ्या टोकाला समुद्र. माझा प्रश्न साधा आहे: वाळूचा एवढा सपाट, सलग थर शेकडो किलोमीटर पसरतो तरी कसा? माझ्या डोळ्यांपुढे चाळणीतून पीठ पडावं तसं चित्र होतं. वरून सगळीकडे एकदम वाळू पडली, थर झाला, मग पुढचा. सर म्हणाले, "टाकी करा, मग बोलू."

टाकी चार फूट लांब, सहा इंच रुंद, दीड फूट उंच. पाण्याची पातळी 20 सेंमीवर ठेवायला ओव्हरफ्लोचा पाइप. नदी म्हणून अर्धा चिरलेला पीव्हीसी पाइप, हीच पन्हाळ. तपकीर गल्लीतून कूलरचा पंप आणला.

21 सप्टेंबर

फजिती. काचवाल्यानं सिलिकॉन सुकायला दोन दिवस सांगितले होते, मी एका दिवसात पाणी भरलं. कोपरा सुटला आणि पाणी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या बाल्कनीत, थेट उन्हात टाकलेल्या गादीवर. काकू काही बोलल्या नाहीत, हेच जास्त लागलं. प्रकल्पाचं स्थलांतर पार्किंगमध्ये.

28 सप्टेंबर

वाळूचा शोध. बांधकामाची म्हणून आणलेली क्रश सँड म्हणजे बेसाल्ट दळून केलेला भुगा. तिच्यातल्या दगडाच्या पिठानं टाकी करडी झाली आणि दोन दिवस आरपार दिसेना. शेवटी पाण्याच्या फिल्टरमध्ये भरतात ती पांढरी सिलिका वाळू आणली, पन्नास किलोचं पोतं.

घरातल्या चाळणी वापरून तिचे भाग केले (नवीन चाळणी आणून द्यायच्या बोलीवर). भूशास्त्रात 2 मिमीपासून 1/16 मिमीपर्यंतचा कण म्हणजे वाळू. साबुदाण्याचा बारका दाणा वरच्या टोकाला, रवा मध्यावर, आणि मैद्याची चाळण ज्याला सोडून देते तो माल बराचसा वाळूच्या खालचा. हे धाकटीच्या लगेच ध्यानात आलं, माझ्या कोष्टकानं आलं नव्हतं.

बारीक कणांचं एक गणित फार महत्त्वाचं. कण दहापट लहान झाला की तो शंभरपट सावकाश बुडतो. रव्याएवढी वाळू टाकीच्या तळाला दोन-तीन सेकंदांत जाते. चिकणमातीचा कण दिवसचे दिवस तरंगत राहतो. मुखाशी वाळू आणि दूर चिखल, ही वाटणी इथूनच सुरू होते.

5 ऑक्टोबर

मातीचा प्रयोग. बादलीतल्या विसर्जनाची शाडू वापरायची नाही, असं घरातून बजावलं गेलं होतं आणि ते मला पटलंही. खालच्या मुलांच्या मूर्ती-कार्यशाळेतून उरलेलं न उघडलेलं पाकीट मिळालं.

आरओच्या पाण्याच्या दोन बाटल्या, दोन्हींत एक-एक चमचा शाडू. एकीत शिवाय एक चमचा मीठ. दोन्ही हलवून ठेवल्या. पंधरा मिनिटांत मिठाच्या बाटलीत ढगासारखे पुंजके दिसू लागले, तासाभरात वरचं पाणी निवळलं. दुसरी दुसऱ्या दिवशी सकाळीही चहासारखी गढूळ.

चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर लोटतात. खाऱ्या पाण्यातले आयन तो भार झाकतात, कण चिकटतात, पुंजके जड होऊन खाली बसतात. नदी समुद्राला मिळते तिथेच चिखल का साचतो, याचं निम्मं उत्तर या दोन बाटल्यांत आहे. बाकीचं निम्मं म्हणजे वेग: डोंगरातून धावत आलेलं पाणी समुद्रात शिरताच थबकतं आणि हातातलं ओझं टाकतं. आधी जड, मग हलकं.

मग टाकीत करून पाहिलं. 36 लिटर पाण्यात सव्वा किलो मीठ घातलं, समुद्रात असतं साधारण तेवढं, लिटरला 35 ग्रॅम. पंप बंद ठेवून, मगानं शाडूचं गोडं पाणी पन्हाळीतून सोडलं. ते खाली गेलंच नाही. खाऱ्या पाण्यावर पातळ सायीसारखं पसरत टाकीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलं, आणि मग त्या सायीतून खाली बारीक दोरे सुटू लागले. पार्किंगमध्ये उभे असलेले चौघेजण गप्प झाले. वॉचमन काका पैठणकडचे. ते म्हणाले, "गोदेला पूर आला की असंच, पाणी गेल्यावर वर चिखलाची पापडी राहते."

19 ऑक्टोबर

आता मुख्य प्रयोग, पण त्याला घड्याळ हवं. वाळू तर सगळी पांढरी. कुठली कधी साचली हे कसं कळणार? दिवाळीचे ठेले लागलेत, तेव्हा दर अर्ध्या तासाला एक मूठ रंगीत रांगोळी सोडावी असं डोक्यात आलं. गुलाबी सोडली आणि पाच मिनिटांत टाकीत सरबत. रांगोळीचा रंग पाण्यात सुटतो, ही गोष्ट प्रत्येक पावसात अंगणात पाहूनही मला सुचली नाही.

तोडगा: भाजलेल्या विटेची पूड. रव्याच्या चाळणीतून खाली पडलेली आणि मैद्याच्या चाळणीवर राहिलेली. तिचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा, पाण्यात हलत नाही. फरशीचा लालपणाही त्याचाच, वाळूच्या कणाकणावर बसलेलं हेमॅटाइटचं पातळ पुट.

26 ऑक्टोबर, रविवार

तीन तास सलग. दर पाच मिनिटांनी एक मोठा मग वाळू पन्हाळीत, दर अर्ध्या तासानं विटेची एक मूठ. मधूनमधून शाडूचं पाणी. धाकटी घड्याळावर, मी मगावर.

वाळू पन्हाळीच्या तोंडाशी आली, पाण्यात शिरली आणि तिथल्या तिथे ढीग करू लागली. ढिगाचा माथा पाण्याच्या पातळीला टेकला, आणि मग खेळ बदलला. नवी वाळू माथ्यावरून घरंगळत कडेपर्यंत जायची, कडेवर जरा थांबायची आणि एकदम उतारावरून कोसळायची. उतार पुढे सरकायचा, मग पुन्हा तसंच. कोनमापकानं उतार मोजला, 31 अंश. पाण्याखाली सुट्या वाळूचा ढीग स्वतःहून जिथे थांबतो साधारण तोच कोन.

तीन तासांत कडा 46 सेंमी पुढे गेली, माथा मात्र फार तर दोन सेंमीनं उंचावला. म्हणजे भर वर पडत नव्हती, पुढे पडत होती. मला हे काच समोर असतानाही लगेच उमगलं नाही, नंतर फोटो पाहताना उमगलं.

2 नोव्हेंबर

पाणी हळूहळू काढून टाकलं, आठवडाभर वाळू निथळली. काचेतून आता सगळं दिसतं.

तळाशी शाडूचा पातळ करडा थर, जवळजवळ आडवा. त्याच्यावर तिरप्या रेघांचं जाड पांढरं अंग. वर पुन्हा आडव्या वाळूची पट्टी. अमेरिकेतल्या ग्रोव्ह कार्ल गिल्बर्टनं 1880च्या दशकात बोनव्हिल या आटलेल्या सरोवराच्या काठावर नेमकं हेच त्रिकूट ओळखलं. अशा रचनेला आजही त्याचंच नाव आहे. मोठ्या समुद्री त्रिभुज प्रदेशांत उतार इतका उभा नसतो, बहुतेक ठिकाणी अंश-दोन अंशांचाच, डोळ्यांना सपाटच वाटेल. पण रचना तीच.

आता विटेच्या रेघा. सहा रेघा, आणि एकही रेघ थराला समांतर नाही. प्रत्येक रेघ माथ्याच्या पट्टीत सुरू होते, पांढऱ्या अंगातून तिरपी खाली उतरते आणि तळाच्या चिखलात जाऊन संपते. धाकटीनं तिसऱ्या रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "म्हणजे साडेअकरा वाजता वर वाळू होती, खाली चिखल होता, आणि दोन्ही एकाच वेळी?"

हो. तेच. मी ज्याला एक थर म्हणत होतो, तो एका वेळचा नाहीच. डावीकडचं टोक दहाचं आहे, उजवीकडचं एकचं. चाळणीतून पीठ पडावं असं काही झालंच नाही. एक चिंचोळी कडा सरकत गेली आणि मागे जो माग राहिला त्याला आपण थर म्हणतो. शेकडो किलोमीटरचा वालुकाश्म म्हणजे कधी काळच्या एका किनाऱ्याच्या प्रवासाची वाट, किनारा कुठल्याही क्षणी फार तर काही किलोमीटर रुंद असेल.

सरांना बोलावलं. त्यांनी खुर्ची ओढली. जर्मन भूशास्त्रज्ञ योहानेस वाल्टरनं 1894 मध्ये हे सूत्रात मांडलं: खंड न पडता एकावर एक आलेले थर म्हणजे कधी काळी शेजारी शेजारी असलेल्या जागा. खोल पाण्याचा चिखल, त्याच्या कडेला उताराची वाळू, तिच्या कडेला पुळण, मागे दलदल. नदी पुढे सरकली की शेजारी एकमेकांच्या डोक्यावर चढतात. म्हणून त्रिभुज प्रदेशाच्या खडकात खालून वर जाताना कण मोठे होत जातात. विहिरीच्या ड्रिलिंगमध्ये असा क्रम सापडला की तेल शोधणारे सावध होतात. "हे तुम्हाला आधीच सांगता आलं असतं," मी म्हणालो. "सांगितलं असतं तर तुम्ही 'हो' म्हणाला असता," सर म्हणाले.

8 नोव्हेंबर, दिवेआगर

ताम्हिणीतून. त्रिपुरी पौर्णिमा होऊन तीन दिवस झाले, उधाण अजून ओसरलं नव्हतं. सकाळच्या ओहोटीला पुळण लांबवर उघडी पडलेली, आणि तिच्यावर आमच्या फरशीचीच नक्षी. यावेळी माथे टोकदार, खळगे गोल. धाकटी म्हणाली, "ही सुलटी आहे."

फावड्यानं गुडघाभर चर काढला. चराच्या भिंतीत केसाएवढ्या जाडीच्या पट्ट्या, समुद्राकडे जरासा उतार, मध्ये काळ्या रेघा. चुंबक फिरवल्यावर काळे कण दाढीसारखे लटकले, मॅग्नेटाइट. परतणारी लाट हलके कण घेऊन जाते आणि जड तिथेच सोडते. या पट्ट्या दगडात दिसल्या की तिथे पुळण होती असं म्हणायला हरकत नाही.

एक गंमत. कोकणात त्रिभुज प्रदेश नाहीत, खाड्या आहेत. नद्या आखूड, सह्याद्रीवरून थेट उड्या टाकणाऱ्या, जुन्या दऱ्यांमध्ये समुद्र आत शिरलेला, आणि जे काही येतं ते लाटा-भरती वाटून टाकतात. वाळूही राजस्थानसारखी स्वच्छ क्वार्ट्‌झची नाही, बेसाल्टचे काळपट कण आणि शिंपल्यांचा चुरा. हिचा दगड होतोच. शिंपल्यांच्या चुन्यानं सांधलेल्या किनाऱ्यावरच्या कच्च्या दगडाला कोकणात करळ म्हणतात.

आपली मुठा मात्र उलट्या दिशेची. मुळा-मुठा, भीमा, रायचूरजवळ कृष्णा, आणि मग आंध्रात खरा त्रिभुज प्रदेश. सिंहगडाच्या उतारावरून निघालेला कण तत्त्वतः तिथे पोहोचायला हवा. वाटेत खडकवासला, उजनी, श्रीशैलम, नागार्जुनसागर आहेत, म्हणून तो बहुतेक धरणाच्या गाळात बसतो. कृष्णेच्या मुखाशी किनारा काही ठिकाणी झिजतोय, त्यामागे हे अडलेलं ओझंही आहे.

रात्री मासळी आणणाऱ्या मावशींशी बोलणं झालं. त्यांच्या हिशेबात महिना म्हणजे उधाण, भांग (लहान भरती), उधाण, भांग. हाच हिशेब दगडातही उतरतो. भरतीला वाळूची पातळ पट्टी, पाणी थांबलं की चिखलाची झिरझिरीत साय. उधाणात पट्ट्या जाड, भांगात पातळ. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एलाटिना नावाच्या थरांत, भरती-ओहोटीच्या पाण्यात साचलेल्या सुमारे 62 कोटी वर्षांपूर्वीच्या गाळात, जॉर्ज विल्यम्सनं अशा पट्ट्या मोजल्या. त्यावरून निघालं, की तेव्हा वर्षाचे दिवस सुमारे 400 होते आणि दिवस जेमतेम 22 तासांचा. चंद्र भरतीच्या घर्षणानं पृथ्वीचा वेग कमी करत आला आहे. मावशींना सांगितलं. "22 तासांत काम कसं उरकायचं," त्या म्हणाल्या.

16 नोव्हेंबर

दुसरा प्रयोग, पोत्यातल्या उरलेल्या वाळूवर. या वेळी कडा 30 सेंमी पुढे गेल्यावर ओव्हरफ्लो पाइप तीन सेंमीनं वर केला. समुद्र वाढला. वाळू तेवढीच येत होती, पण कडा पुढे जाईना. पन्हाळीच्या तोंडाशी मागेच नवा ढीग सुरू झाला आणि जुन्या माथ्यावर शाडूची साय बसली. वाळूवर चिखल. पातळी पुन्हा स्थिर ठेवल्यावर नवा ढीग जुन्यावरून पुढे सरकला, चिखल मध्ये सापडला. खडकात वालुकाश्म, शेल (चिखलाचा दगड), वालुकाश्म अशा पाळ्या दिसतात त्याचं हे एक कारण.

टाकी कुठे खोटी आहे तेही लिहून ठेवतो. सहा इंच रुंदीत नदीला कूस बदलायला जागा नाही. खऱ्या नद्या मुख बदलतात. मिसिसिपीनं गेल्या सातेक हजार वर्षांत हजार-दीड हजार वर्षांनी एकेक नवा पदर टाकला, सोडलेला पदर स्वतःच्या वजनानं खचत पाण्याखाली गेला. खचणं हा दुसरा दोष: माझी टाकी काचेची, तळ हलत नाही. खरा तळ खचत राहतो म्हणून तर जागा होते आणि शेकडो मीटर गाळ एकावर एक मावतो, नाहीतर पुढचा पूर मागचं सगळं धुऊन नेईल. आणि दगड होणं तर पार्किंगमध्ये शक्यच नाही. सुट्या वाळूत 40 टक्क्यांच्या आसपास पोकळी असते. वरच्या ओझ्यानं कण दाबून बसतात, भूजलातून सिलिका, चुना किंवा लोह येऊन फटी बुजवतात. क्वार्ट्‌झनं घट्ट सांधायला सहसा दोन-तीन किलोमीटर खोली लागते.

23 नोव्हेंबर

पहिल्या टाकीचा छाप घेतला. सुकलेल्या वाळूच्या एका बाजूची काच सोडवली (श्वास रोखून), उघड्या भिंतीवर पातळ केलेला फेविकॉल ब्रशनं, वर जुनं सुती पातळ, पुन्हा फेविकॉल. दोन दिवसांनी ओढलं. डाव्या कोपऱ्यातला तुकडा पडला, बाकी सगळं आलं, सहाही रेघांसकट. सरांनी भिंगातून तिसरी रेघ वरपासून खालपर्यंत पाहिली आणि छाप त्यांच्या घरी हवा म्हणाले. दिला नाही.

30 नोव्हेंबर

सेक्रेटरींनी शेवटी फरशी सुलटी करायला परवानगी दिली. सकाळी गवंडी आला, पहारीनं फरशी उचलली, आम्ही सगळे वाकलो. खालची बाजू छिन्नीनं तासलेली, सपाट, तिच्यावर सिमेंटचे डाग. त्या बाजूला काहीही नव्हतं.

पंधरा मिनिटं चर्चा झाली. फरशी पुन्हा उलटीच बसवली. गवंड्यानं मजुरी दोनदा बसवायची घेतली.